शिडाच्या बोटीवरचा संसार : वाचकांचे प्रश्न

मुंबईहून पणजीपर्यंत आणि तेथून परत असा किनारप्रवास आम्ही एका बत्तीस फुटी शिडाच्या बोटीवरून केला. त्याविषयीचा लेख मागील अंकात प्रसिद्ध झाल्यावर इतकी पत्रे आली की संपादकांनी या वेळचे सदर त्यांच्या उत्तरांसाठीच राखून ठेवले. मागील अंक न वाचलेल्यांसाठी एवढेच सांगते की बोट जुनी होती आणि आम्ही ती दुसऱ्याकडून घेतली होती. बोटीवर मी, माझे पती, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे चौघे होतो. रत्नागिरी ते मालवण या टप्प्यात सासूबाईही आमच्यासोबत होत्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो आणि मार्चअखेरीस परतलो. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची मुले नऊ आणि पाच वर्षांची आहेत. दोघांनाही तलावात उत्तम पोहता येते. बोटीवर राहण्यासाठी एवढे पुरेसे आहे का? (एक आई, पुणे)

पोहता येणे चांगलेच, परंतु बोटीवरच्या सुरक्षिततेशी त्याचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. पाच नॉट म्हणजे ताशी सुमारे सव्वानऊ किलोमीटर हा वेग कागदावर सायकलपेक्षाही मंद दिसतो, तरी त्या वेगाने बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे गेलेली असते, आणि दीडशे मीटरवर लाटांमधले मुलाचे डोके दिसत नाही. त्यामुळे पडलेल्या मुलाला काढायचे कसे याच्या आधी मूल पडणारच नाही अशी व्यवस्था करावी लागते.

आमच्या बोटीवर केबिनचे दार ओलांडायचे तर लाइफ जॅकेट अंगात हवेच, मग समुद्र आरशासारखा शांत असो की बोट नांगरावर उभी असो. डेकवर नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एक पट्टा ताणून बांधलेला होता आणि बोट चालू असताना डेकवर जाणाऱ्याने आपल्या कमरेचा हूक त्यात अडकवायचा होता. कडेच्या कठड्याला आम्ही रेवदंड्याच्या बाजारातून आणलेली नायलॉनची जाळी आतून शिवून घेतली. अंधार पडल्यावर मुले डेकवर येत नसत. हे नियम मोठ्यांनाही लागू असावेत, कारण बापाने जॅकेट खुंटीला टांगलेले दिसले की मुलाचे जॅकेट दुसऱ्या दिवशी त्याच खुंटीला जाते.

माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचे याचा सराव मात्र नेमाने करावा, आणि त्यासाठी नारळासारखी दुसरी वस्तू नाही. सोललेला नारळ पाण्यावर माणसाच्या डोक्याएवढा, किंबहुना त्याहून थोडा लहान दिसतो. आमचा मुलगा आम्हाला न सांगता केव्हाही नारळ समुद्रात फेकत असे आणि मोठ्याने ओरडत असे. त्यानंतर त्याचे एकच काम होते : त्या नारळाकडे बोट दाखवत उभे राहायचे आणि काहीही झाले तरी नजर हलवायची नाही. पहिल्या वेळी तो नारळ परत बोटीवर आणायला आम्हाला अकरा मिनिटे लागली आणि त्यातली निम्मी एकमेकांवर खेकसण्यात गेली. जानेवारीत हेच काम चार मिनिटांत होऊ लागले. सहा वर्षांच्या मुलाला यातून काय मिळाले हे त्याच्या ताठ उभे राहण्यात दिसत होते : बोटीवर त्याच्याखेरीज कोणालाही करता न येणारे असे एक काम आता त्याच्याकडे होते. वाचलेल्या नारळांची चटणी होत असे.

आणखी एक सांगते. आमच्या मुलांना लागलेली सगळी खरचटणी आणि एकमेव मोठी जखम भर समुद्रात झालेली नाही. ती धक्क्याच्या पायऱ्यांवर झाली. ओहोटीला उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ असते आणि छोट्या होडीतून त्यावर पाय टाकणे हा संपूर्ण प्रवासातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो. तेथे मुलांना आधी उतरू देऊ नये.

प्रश्न : कोणत्या महिन्यात निघावे, रोज किती अंतर जावे आणि कोणाची परवानगी लागते? (अभियंता, डोंबिवली)

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी बांधव पुन्हा समुद्रावर जातात. सहकुटुंब निघणाऱ्यांनी मात्र तेवढ्यावर घाई करू नये. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही महिने आहेत. नोव्हेंबर २००९ मधले फयान कोकणात अजून विसरले गेलेले नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूकडच्या कितीतरी मासेमारी बोटींनी देवगडच्या बंदरात आसरा घेतला होता. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात निर्धोक असतो, तरीही हवामान खात्याचा किनारी अंदाज रोज सकाळी वाचल्याशिवाय नांगर उचलू नये.

या दिवसांत वाऱ्याचे वेळापत्रक पुष्कळसे ठरलेले असते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, तासभर शिडे नुसती फडफडतात आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत टिकतो. गोव्याकडे जाताना हा वायव्येचा वारा पाठीशी असल्याने प्रवास सुखाचा होतो. परतीच्या वेळी तोच वारा तोंडावर येतो. परतताना आम्ही पहाटे साडेतीनला नांगर उचलून मतलई वाऱ्यावर जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापत असू आणि दुपारी बाराच्या आत कोणत्यातरी खाडीत शिरत असू. जाताना लागले त्याच्या जवळजवळ दुप्पट दिवस येताना लागले. सुटीचा हिशेब करणाऱ्यांनी हे आधी मांडावे.

रोज वीस ते पंचवीस सागरी मैल पुरेत (एक सागरी मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर). मुरूड ते दाभोळसारखा मोठा टप्पा एखाद्या दिवशी करावा लागतो, पण त्यानंतर दोन दिवस विश्रांती हवी. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे, म्हणजे पाण्याखालचे उंचवटे, असतात, बाणकोट आणि दाभोळ येथे तर हमखास. अशा ठिकाणी दिवसाउजेडी आणि भरती चढत असतानाच आत शिरावे, म्हणजे बोट रुतलीच तर चढते पाणी ती सोडवते. ओहोटीत रुतलेल्या बोटीवर सहा तास तिरक्या बाकावर बसावे लागते, आणि असे बसलेल्या कुटुंबात कोण कोणाला काय बोलते हे येथे लिहिण्याजोगे नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याने स्थानिक माणूस बोटीवर घ्यावा.

परवानग्यांच्या बाबतीत, बोटीची नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे, सर्वांची ओळखपत्रे आणि प्रवासाचा लेखी आराखडा बरोबर ठेवावा. निघण्यापूर्वी सागरी मंडळाचे बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस या दोघांना आराखडा द्यावा, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या बंदरात पोहोचल्यावर नोंद करावी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर समुद्रमार्गेच मुंबईत आले होते, त्यामुळे अनोळखी बोटीची चौकशी होणारच. ती होते म्हणून रागावण्याचे कारण नाही. उपग्रह फोन परवान्याशिवाय बाळगणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, म्हणून परदेशातील नातेवाइकाने हौसेने दिलेला फोन घरीच ठेवावा. व्हीएचएफ रेडिओचे सोळावे चॅनेल संकटकाळासाठी आहे आणि तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. हे दोन्ही आमच्या केबिनच्या दारावर मुलांच्या उंचीवर, मुलांच्याच अक्षरात लिहिलेले होते.

प्रश्न : मुलांच्या शाळेचे काय? चार महिन्यांच्या गैरहजेरीने नुकसान झाले नाही का? आम्ही वर्षभर जाण्याचा विचार करत आहोत. (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी, आणि इतर तिघे)

वर्षभर जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष मानले जातात. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे परतल्यावर शाळाच मिळणार नाही ही भीती अनाठायी आहे. आम्ही चारच महिने जाणार असल्याने मुख्याध्यापिकांना भेटून रजा घेतली आणि पाठ्यपुस्तके सोबत नेली.

ती पुस्तके आम्ही रोज सकाळी दीड तास उघडत असू. त्यात काही विशेष नव्हते आणि दोन्ही मुलांनी घरी जितकी कुरकुर केली असती तितकीच बोटीवरही केली. खरा अभ्यास वेगळ्या कारणाने झाला. आपला किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण आहे आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. याचा अर्थ असा की दोन बंदरांच्या अक्षांशांची वजाबाकी केली की त्यांच्यातले अंतर साधारणपणे हाती येते, त्यासाठी दुसरे काही लागत नाही. ही वजाबाकी आमच्या मुलीचे काम होते. आदल्या रात्री तिने उद्याचे अंतर आणि लागणारे तास वहीत लिहायचे आणि तिच्या आकड्यावरून आम्ही निघण्याची वेळ ठरवायची.

जंजिऱ्याजवळ नांगरलेले असताना तिने दाभोळचा हिशेब मांडला. जंजिरा १८ अंश १८ मिनिटे, दाभोळ १७ अंश ३५ मिनिटे. अठरातून पस्तीस वजा होत नाहीत म्हणून तिने शेजारून एक अंश उसना घेतला आणि शाळेतल्या सवयीने त्याचे शंभर केले. उत्तर आले ८३ मैल. पाच नॉटने साडेसोळा तास. ती गंभीर चेहऱ्याने बाहेर येऊन म्हणाली, "आई, उद्या आपण उजेडात पोहोचत नाही." माझ्या यजमानांना चूक दिसली होती, परंतु ते काही बोलले नाहीत आणि मीही त्यांच्या पायावर पाय ठेवून त्यांना तसेच गप्प ठेवले. ती पुन्हा आत गेली, नकाशावर वीतभर अंतर मोजून पाहिले, आदल्या टप्प्याशी ताडून पाहिले, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अंशात साठ मिनिटं असतात!" ७८ मधून ३५ गेले, उरले ४३. आठ तास छत्तीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी आम्हाला नऊ तास लागले आणि उरलेली चोवीस मिनिटे कोठे गेली याचा तिने संध्याकाळपर्यंत छडा लावला. (वारा पडला होता.)

सासूबाई आल्यावर या शाळेला आणखी एक शिक्षिका मिळाली. त्यांचे माहेर जयगड खाडीकाठचे. त्यांनी पहिल्याच सकाळी कालनिर्णय मागितले आणि नातवंडांना सांगितले की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमीला दहाचे पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या सुमारास पाणी भरणार. चतुर्थीला तीन वाजता. हा ठोकताळा आहे आणि छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी त्याचा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे दांडा ओलांडताना कोष्टकच पाहावे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला पाऊणकी शिकवण्याचे इतके चांगले साधन मला कोणत्याही पुस्तकात आढळले नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरहून अधिक चढते आणि गोव्यात जेमतेम दोन मीटर, हे त्याने धक्क्यांच्या ओल्या खुणांवरून स्वतः ताडले.

नुकसान झालेच नाही असे म्हणणार नाही. मुलीला मैत्रिणी नव्हत्या, आणि दहाव्या वर्षी ही उणीव आईबापांना भरून काढता येत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती कारण नसताना रडू लागली, तेव्हा परतीच्या वाटेवर आम्ही मालवणला नऊ दिवस नांगर टाकून राहिलो, केवळ धक्क्याजवळच्या वस्तीतल्या दोन मुलींशी तिची गट्टी जमली म्हणून. वर्षभर जाणाऱ्यांनी आराखड्यात बंदरांइतकीच अशा मुक्कामांना जागा ठेवावी.

प्रश्न : माझे पती एरवी सौम्य स्वभावाचे आहेत. बोटीवर मात्र, विशेषतः नांगर टाकताना, सर्वांदेखत माझ्यावर ओरडतात. मला समुद्राची भीती वाटत नाही, चार महिने हे ऐकून घेण्याची वाटते. (ठाणे)

आपले पत्र मी यजमानांना वाचून दाखवले आणि ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

याचे एक कारण अगदी साधे आहे. सुकाणू मागे, नांगर पुढे नाळेवर, मधे इंजिनाचा आवाज आणि समोरून वारा. साध्या आवाजातले ऐकू जात नाही म्हणून माणूस आवाज चढवतो, आणि चढवलेला आवाज ऐकणाऱ्याला रागच वाटतो. यावर उपाय म्हणजे हातांच्या खुणा. आम्ही पाच खुणा ठरवल्या : पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि मूठ म्हणजे थांबा. त्यानंतर नांगर टाकताना तोंडाने बोलायचेच नाही असे ठरले. निम्मी भांडणे तेथेच संपली.

उरलेल्या निम्म्यांचे कारण मात्र बोटीच्या आधीपासून घरात असते. बहुतेक कुटुंबांत सुकाणू नवऱ्याकडे असते आणि बायकोने पुढे जाऊन वीस किलोचा नांगर आणि साखळी ओढायची असते. ताकदीचा विचार केला तर हे उलटे आहे, परंतु सुकाणू धरणारा तो मालक अशी समजूत असल्याने कोणी तसा विचारच करत नाही. आम्ही सम तारखेला मी आणि विषम तारखेला यजमान अशी तांडेलकी, म्हणजे बोटीची कप्तानी, वाटून घेतली. ज्या दिवशी आपण तांडेल नसू त्या दिवशी सल्ला एकदाच द्यायचा, दुसऱ्यांदा नाही. हे पाळणे त्यांना जड गेले आणि, प्रामाणिकपणे लिहायचे तर, मलाही.

विजयदुर्गला आम्ही सम तारखेला पोहोचलो. वाघोटन खाडीचे हे बंदर पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्वांत सुरक्षित आसऱ्यांपैकी एक आहे. यजमानांना धक्क्याजवळ नांगर हवा होता, मला आत, चिखलाच्या तळावर. त्यांनी एकदा सुचवले. मी नाही म्हटले. खोली तीन मीटर होती, भरतीला आणखी अडीच मीटर चढणार आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच, असे साडेसहा मीटर झाले. त्याच्या पाचपट म्हणजे जवळजवळ तेहेतीस मीटर साखळी आणि दोर सोडायचा. मी हाताच्या खुणेने सांगत गेले आणि ते सोडत गेले. रात्री एकच्या सुमारास वारा उठला. ते जागे होते, मीही होते. मुलीच्या कामाचा भाग म्हणून संध्याकाळी तिने किल्ल्याचा एक बुरूज आणि धक्क्यावरचा दिवा एका रेषेत दिसतात हे हेरून ठेवले होते. दोघांनी बाहेर येऊन ती रेषा पाहिली. बुरूज आणि दिवा अजून एका रेषेत होते, म्हणजे नांगर सरकला नव्हता. ते म्हणाले, "बरोबर टाकलायस," आणि आत जाऊन घोरू लागले.

आपल्या पतींना हेही वाचून दाखवावे की आय.एन.एस.व्ही. तारिणी या छप्पन फुटी शिडाच्या नौकेवर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच नौकेवर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच नौदल अधिकारी पुन्हा जगाला वळसा घालून आल्या. ही नौका गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली आहे. त्या दोघींपैकी नांगर कोण ओढत होते आणि सुकाणूवर कोण होते, या प्रश्नाला तेथे काही अर्थ नव्हता.

प्रश्न : स्वयंपाक आणि पाणी यांची व्यवस्था कशी केली? (अनेक)

प्रेशर कुकर हे बोटीवरचे सर्वांत गुणी भांडे आहे, कारण झाकण लागलेले असल्याने तो कलंडला तरी आमटी जमिनीवर येत नाही. चालत्या बोटीवर फोडणी करू नये. मेतकूट-भात, थालीपीठाची भाजणी, सुकट, कोकम, कांदे-बटाटे आणि बंदरात मिळेल ती ताजी मासळी एवढ्यावर चार महिने निघाले. गॅसची बाटली मात्र केबिनमध्ये ठेवू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास बोटीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. आमची बाटली मागच्या बाजूला, बाहेर उघडणाऱ्या पेटीत होती आणि प्रत्येक स्वयंपाकानंतर तिची कळ बंद केल्याचे मुलगा मोठ्याने जाहीर करत असे. टाकीत दोनशे लिटर पाणी मावत असे. रोजचे पंधरा लिटर धरले तर तेरा दिवस पुरते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळायची, आंघोळ समुद्रात आणि नंतर एक तांब्या गोडे पाणी. केस मोठे असतील तर दीड तांब्या.

प्रश्न : सत्तर वर्षांच्या आईला न्यावे का? तिला एसटीतही उलट्या होतात. (कणकवली)

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांना त्रास झाला, तिसऱ्या दिवशी नाही. शरीर सरावते. बोटीच्या मध्यभागी हेलकावे सर्वांत कमी असतात, तेथे त्यांना बसवावे, क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे आणि वाचन टाळावे. आल्याचा तुकडा किंवा सुंठ उपयोगी पडते. ॲव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी घेतली तरच लागू पडते आणि तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि दोन वर्षांखालील बालकांना तर ती देऊच नये. सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे काम. सासूबाईंच्या हाती सुकाणू दिल्यावर त्यांची मळमळ वीस मिनिटांत थांबली, आणि नंतर सुकाणू परत मिळवणे आम्हाला जड गेले.

प्रश्न : तुमच्यासारख्या हौशी लोकांच्या बोटी आमच्या जाळ्यांवरून जातात. एक जाळे म्हणजे आमच्या घरातील किती दिवसांची मिळकत, याची तुम्हाला कल्पना आहे का? लेखात याबद्दल एक ओळही नव्हती. (हर्णै)

नव्हती, आणि ती असायला हवी होती. तो प्रसंग मी लेखातून गाळला, कारण तो लिहिण्याची मला लाज वाटली. आता लिहिते.

परतीच्या वाटेवर, हर्णैच्याच दक्षिणेला, सूर्य मावळल्यावर आम्ही अजून बाहेरच होतो. मुलीला दुसऱ्या दिवशी आजोबांचा वाढदिवस गाठायचा होता आणि केवळ त्या एका तारखेपायी आम्ही दुपारी खाडीत शिरण्याचा स्वतःचाच नियम मोडला होता. जाळ्याची खूण म्हणून सोडलेले प्लॅस्टिकचे पांढरे डबे आणि बांबूवरचा काळा बावटा मुलाला दिसला होता. त्याने सांगितले तेव्हा मी त्याला "थांब जरा" म्हटले, कारण मी फोनवर होते. इंजिनाने एक आचका दिला आणि बंद पडले. जाळ्याचा दोर बोट ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात गुंतला होता.

यजमान सुरी घेऊन पाण्यात उतरण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात अंधारातून एक होडी आली आणि त्यातील वयस्कर तांडेल ओरडले, "कापू नका!" त्यांनी आपल्या खलाशाला पाण्यात पाठवले, आमच्याकडून टॉर्च धरवून घेतला आणि पंखा हाताने उलटा फिरवत, एक एक वेढा काढत, पाऊण तासात दोर सोडवला. जाळे तरीही दोन वाव, म्हणजे सुमारे बारा फूट, फाटले होते. यजमानांनी पैसे पुढे केले. तांडेलांनी ते न मोजता घेतले आणि मग विचारले की डबा कोणाला दिसला होता. मुलाने हात वर केला.

ते त्याला म्हणाले, "मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता इंजिन सुरू केले. त्यानंतर मुंबईपर्यंत बोटीच्या नाळेवर बसून डबे आणि बावटे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि तो "थांबा" म्हणाला की तांडेल कोणीही असो, बोट थांबत असे. वाढदिवस दोन दिवस उशिरा झाला.